बालदी म्हणून दाखव

जुलै १९८३. कोलंबोत जमाव बसगाड्या अडवत होते. काठ्या, सळ्या आणि पेट्रोल घेतलेली माणसं आत शिरत आणि प्रवाशांत तमिळ कोण ते शोधत. पण चेहऱ्यावरून ते कळेना. सिंहली आणि तमिळ माणसाच्या रंगरूपात म्हणावा असा फरक नाही. शर्ट तेच, पँट तीच, जेवणात भात आणि नारळ तोच. मग एक परीक्षा निघाली. संशय आला की त्या माणसाला सांगायचं, ‘बाल्दिय’ म्हणून दाखव. बाल्दिय म्हणजे बालदी. तमिळमध्ये मूळचे शब्द ‘ब’ने सुरू होत नाहीत. त्यामुळे घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ‘ब’च्या जागी ‘व’ किंवा ‘प’ निघाला की त्याला बसमधून खाली ओढत.

हा शब्द ना सिंहलींचा, ना तमिळांचा. तो पोर्तुगिजांचा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा पाव, अलमारी, मेज अशा घरगुती सामानाबरोबर हाही शब्द मागे ठेवून गेले. आपल्या किनाऱ्यावरही त्यांनी तेच केलं. तुमच्याआमच्या न्हाणीघरातली बालदी आणि कोलंबोच्या बसमधली बाल्दिय एकाच गलबतातून आलेल्या आहेत. परक्याकडून उसन्या घेतलेल्या एका शब्दावर माणूस जगायचा की मरायचा हे ठरलं. हे कसं घडलं, ते या प्रकरणात पाहू.

श्रीलंका आकाराने महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. २०१२च्या जनगणनेत लोकसंख्या दोन कोटींच्या थोडी वर. त्यात सुमारे ७५ टक्के सिंहली, ११ टक्के श्रीलंकी तमिळ, ९ टक्के मुस्लिम आणि ४ टक्के चहामळ्यांतले तमिळ. सिंहली बहुतांशी बौद्ध, तमिळ बहुतांशी हिंदू, आणि दोन्हींत ख्रिस्ती आहेत. मुस्लिमांपैकी बहुतेकांची घरची भाषा तमिळ, तरी ते स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सिंहली भाषा आपल्या मराठीच्या कुळातली. सिंहली माणूस आकडे मोजतो ते असे: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. ‘स’चा ‘ह’ करायची खोड दोघींना आहे. ‘दश’चं आपण दहा केलं, त्यांनी दहय. भोवती मात्र सगळा द्रविड भाषांचा प्रदेश. तलैमन्नारपासून धनुष्कोडी जेमतेम तीस किलोमीटर, आणि पलीकडे कोट्यवधी तमिळ. त्यामुळे बेटावर तिनास एक असे बहुसंख्य असूनही सिंहली समाजाच्या मनात आपण अल्पसंख्य आहोत अशी धास्ती कायम राहिली. तमिळांनाही बेटावर तीच धास्ती. दोन्ही बाजूंना आपण अल्पसंख्य आहोत असं वाटत असेल, तर मन मोठं कोणी करायचं?

हे वैर दोन हजार वर्षांचं आहे असं तिथे सर्रास सांगतात आणि पुरावा म्हणून ‘महावंस’ पुढे करतात. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात भिक्खूंनी पाली भाषेत रचलेला हा इतिहासग्रंथ. त्यात दुट्ठगामणी नावाचा सिंहली राजा चोळ देशातून आलेल्या एळार राजाचा अनुराधपुराजवळ हत्तीवरच्या द्वंद्वात पराभव करतो. शाळेच्या पुस्तकात, भाषणात, निवडणुकीत हीच लढाई पुन्हा पुन्हा लढली गेली. पण ग्रंथ नीट वाचला तर भलतंच दिसतं. एळाराच्या शय्येशी एक घंटा टांगलेली असे, दोरी वाड्याबाहेर. ज्याला न्याय हवा त्याने ती ओढावी. एकदा एका गाईने ती ओढली, कारण राजपुत्राच्या रथाखाली तिचं वासरू मेलं होतं. राजाने आपल्या मुलाला तीच शिक्षा दिली. हे सगळं भिक्खूंनीच लिहून ठेवलंय, शत्रुराजाबद्दल. आणि विजयी दुट्ठगामणीने एळाराचे अंत्यसंस्कार सन्मानाने केले, त्याच्या समाधीपुढून जाताना वाद्यं थांबवावीत असा दंडक घातला. पुढाऱ्यांनी हत्ती ठेवले आणि घंटा गाळली. आणखी एक: बेटावरच्या कँडीच्या राज्याचे शेवटचे राजे नायक्कर होते, म्हणजे दक्षिण भारतातून आलेल्या घराण्यातले. सिंहली सरदार त्यांना आपलेच राजे मानत. १८१५ साली इंग्रजांनी कँडी घेतली तेव्हा जो राजा पदच्युत झाला, तो पुढे वेल्लोरला कैदेत वारला.

खरी सुरुवात शोधायची तर हत्तीवर नव्हे, कारकुनाच्या टेबलावर शोधावी लागते.

उत्तरेचं जाफना द्वीपकल्प कोरडं. बारमाही नदी नाही, चुनखडीची जमीन, सगळी भिस्त विहिरींवर. शेतीवर पोट भरणं अवघड. कोकणातली पोरं ज्या कारणाने मुंबईच्या वाटेला लागली, त्याच कारणाने जाफन्याची पोरं शाळेच्या वाटेला लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनऱ्यांनी तिथे शाळा काढल्या. इंग्रजी आली, इंग्रजीबरोबर सरकारी नोकरी आली. स्वातंत्र्याच्या वेळी प्रशासन, वैद्यक, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांत तमिळांचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने बरंच जास्त होतं. दक्षिणेतला सिंहली शिक्षक किंवा गावचा वैद्य हे पाहत होता. त्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. देश आपला, पण कचेरीतला अर्ज इंग्रजीत आणि अर्ज घेणारा साहेबही इंग्रजीच बोलणारा. राग खरा इंग्रजीवर होता. तो वळवला गेला तमिळवर.

त्याआधी एक घाव मळ्यांतल्या तमिळांवर पडला. हे जाफन्याचे नव्हेत. इंग्रजांनी आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांसाठी तमिळ मुलखातून आणलेले मजूर. १९४८च्या फेब्रुवारीत देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून यांच्यातल्या सुमारे सात लाख लोकांना बिनदेशी ठरवलं. जाफन्यातले काही पुढारी सरकारशी जुळवून घेऊन मंत्री झाले. एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांना ते पटलं नाही; त्यांनी पक्ष सोडला आणि १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला. पुढे १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार करून या माणसांची वाटणी केली: सव्वापाच लाख भारतात, तीन लाख तिकडे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर पाहू. ज्यांची वाटणी होत होती त्यांना कोणी विचारलं नाही. कसोटीत आठशे बळी घेणारा मुथय्या मुरलीधरन याच समाजातला. १९७७च्या तमिळविरोधी दंगलीत त्याच्या वडिलांचा बिस्किटांचा कारखाना जाळला गेला होता.

आता १९५६. या वर्षापाशी थोडं थांबायला हवं.

ते बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं २५००वं वर्ष म्हणून साजरं झालं. आपल्याकडे त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मराठी माणसाला बौद्ध म्हटलं की जातिव्यवस्थेविरुद्धचं बंड आठवतं, विहार म्हटलं की वस्तीतलं वाचनालय आठवतं. श्रीलंकेत बौद्ध संघ शतकानुशतकं राजसत्तेच्या शेजारी बसलेला आहे. तोच धम्म, पण एका जागी दबलेल्यांचा आणि दुसऱ्या जागी दाबू शकणाऱ्यांचा. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं काही समजत नाही.

एप्रिल १९५६ मध्ये सॉलोमन बंदरनायके निवडून येऊन पंतप्रधान झाले. जन्माने ख्रिस्ती, शिक्षण ऑक्सफर्डचं, नंतर बौद्ध झालेले आणि देशी पोशाख चढवलेले. त्यांच्या पक्षाची मूळ भूमिका सिंहली आणि तमिळ दोन्ही राज्यभाषा करण्याची होती. मतं मात्र एका भाषेत होती. त्यांनी ‘चोवीस तासांत फक्त सिंहली’ असं आश्वासन दिलं आणि निवडून आल्यावर ते पाळलं. ५ जूनला विधेयक संसदेत आलं. बाहेर गॉल फेसच्या मैदानावर चेल्वनायकम आणि त्यांचे सहकारी सत्याग्रहाला बसले होते, जमावाने त्यांना बडवलं, पोलीस पाहत राहिले. आत डावे खासदार कोल्विन डिसिल्वा, स्वतः सिंहली, सभागृहाला बजावत होते की भाषा दोन ठेवल्या तर देश एक राहील, भाषा एक केली तर देश दोन होतील. कायदा झाला. तमिळ कारकुनाला नोकरीत वर चढायचं तर सिंहलीची परीक्षा देणं आलं. वीस वर्षं इमानाने इंग्रजीत खर्डेघाशी केलेल्या माणसाला चाळिशीत पुन्हा अक्षरं गिरवायला लावली.

त्याच १९५६च्या १ नोव्हेंबरला भारतात भाषावार राज्यांची फेररचना अमलात आली. आपल्याला त्यात द्वैभाषिक मुंबई राज्य मिळालं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गमवावी लागली, हे खरं. पण वाट तीच होती: भाषेला राज्य द्या, म्हणजे ती देश मागणार नाही. चेल्वनायकम एवढंच मागत होते.

आणि ते मिळता मिळता राहिलं. जुलै १९५७ मध्ये बंदरनायके आणि चेल्वनायकम यांनी करार केला. उत्तर-पूर्वेला प्रादेशिक मंडळं, तिथल्या कारभारात तमिळ. अत्यंत माफक तोडगा. पण विरोधी पक्षाचे जे. आर. जयवर्धने कराराविरुद्ध कँडीकडे पदयात्रा घेऊन निघाले. दरम्यान वाहनांच्या पाट्यांवर सिंहली लिपीतलं ‘श्री’ आलं. जाफन्यात तमिळ कार्यकर्ते बसवरच्या त्या अक्षराला डांबर फासू लागले, कोलंबोत सिंहली टोळ्या तमिळ दुकानांच्या पाट्यांना. ‘श्री’ या अक्षरावरून डोकी फुटली! एप्रिल १९५८ मध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या बंगल्याच्या हिरवळीवर येऊन बसले. करार रद्द करा, आणि नुसतं तोंडी नको, लिहून द्या. बंदरनायक्यांनी लिहून दिलं. पुढच्याच महिन्यात दंगल पेटली. सुमारे सव्वा वर्षाने, २५ सप्टेंबर १९५९ला, एक भिक्खू भेटायला आला. पंतप्रधान त्याला वंदन करायला वाकले आणि त्याने पिस्तूल काढलं. दुसऱ्या दिवशी ते वारले. आपणच उघडलेल्या दारातून काय आत येईल, हे त्यांना कळायला उशीर झाला होता. त्यांच्या पत्नी सिरिमावो १९६० मध्ये जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि त्यांनी तीच वाट पुढे चालवली.

यापुढे एक नेम पडला: सत्तेतला सिंहली पक्ष तोडगा काढणार, विरोधातला सिंहली पक्ष तो हाणून पाडणार, सत्तापालट झाला की भूमिकांची अदलाबदल. १९६५चा सेनानायके–चेल्वनायकम करारही याच नेमाने बुडाला. १९७२च्या राज्यघटनेने सिलोनचं श्रीलंका केलं आणि बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं.

मग गुणपत्रिकेची पाळी आली. १९७१ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी सिंहली माध्यमाच्या मुलाला ४०० पैकी २२९ गुण पुरत होते, तमिळ माध्यमाच्या मुलाला २५० लागत होते. सरकारचं म्हणणं, मागास ग्रामीण मुलांना वाव हवा. तो हवाच होता. त्याच वर्षी बेकार सिंहली तरुणांनीही जेव्हीपी या डाव्या संघटनेच्या झेंड्याखाली सशस्त्र उठाव केला होता. पण माध्यमावरून गुण ठरवणं म्हणजे जखमेवर मीठ. ज्या समाजाची एकुलती एक मिळकत शिक्षण होती, त्याच्या पोरांना आता शाळेचा उपयोग दिसेना. १९७५च्या जुलैत जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा यांना देवळाच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. मारणारा वीस वर्षांचा होता. नाव वेलुपिल्लै प्रभाकरन. त्याचा पहिला मोठा बळी तमिळच होता, याची नोंद करून ठेवा.

१९७६ मध्ये वट्टुकोट्टै येथे तमिळ पक्षांनी स्वतंत्र ईळमचा, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्राचा, ठराव केला. पुढच्या वर्षी त्यांचे अठरा खासदार निवडून आले आणि त्यांचे नेते अमिर्तलिंगम चक्क विरोधी पक्षनेते झाले. देश तोडण्याच्या ठरावावर निवडून आलेला माणूस संसदेत विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीत बसतो, याचा अर्थ बोलायला अजून जागा होती.

३१ मे १९८१च्या रात्री जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जळलं. एका सभेत पोलीस मारले गेले म्हणून चवताळलेल्या पोलिसांनी आणि त्यांच्याबरोबरच्या टोळ्यांनी ते जाळलं. सरकारचे दोन मंत्री तेव्हा जाफन्यातच होते. ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं, त्यांत ताडपत्रांवरची जुनी तमिळ पोथी-संपदा. ताडपत्र किती चटकन पेटतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या सल्ल्याने उभं राहिलेलं, गावकऱ्यांच्या वर्गणीतून वाढलेलं ग्रंथालय. मी या संघर्षाबद्दल जे जे वाचलं, त्यात बंदुकीकडे वळलेल्या तरुणांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा ही रात्र येते.

२३ जुलै १९८३ला वाघांनी, म्हणजे प्रभाकरनच्या एलटीटीईने, जाफन्याजवळ दबा धरून तेरा सैनिक मारले. सैनिकांची प्रेतं कोलंबोच्या बोरेला भागातल्या कनत्ते स्मशानभूमीत आणायचं ठरलं. २४च्या संध्याकाळी गर्दी जमली, विमानाला उशीर झाला, गर्दी बिथरली. रात्री बोरेलातली तमिळ दुकानं पेटली. दुसऱ्या दिवसापासून जे झालं त्याला दंगल म्हणणं चूक आहे. दंगलीत दोन बाजू असतात. इथे टोळ्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या, म्हणजे कोणत्या घरात तमिळ राहतो हे कागदावर होतं. वेलिकडा तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले, तेही पहाऱ्यात. अनेक सिंहली कुटुंबांनी शेजाऱ्यांना माळ्यावर, न्हाणीघरात लपवलं, हेही तितकंच खरं. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आत-बाहेर, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने दूरचित्रवाणीवर आले. हेच ते कँडीचे पदयात्री. त्यांनी मेलेल्या तमिळांसाठी सहानुभूतीचा शब्द काढला नाही. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून वेगळ्या राष्ट्राची मागणी गुन्हा ठरवली, अमिर्तलिंगम आणि सहकाऱ्यांच्या खासदारक्या गेल्या. बोलायची जागा संपली. वाघांना भरती करावी लागली नाही, पोरं चालत आली.

भारताने त्या पोरांना आधी शस्त्रं आणि प्रशिक्षण दिलं, मग २९ जुलै १९८७च्या करारानंतर त्यांचीच शस्त्रं काढून घ्यायला सैन्य पाठवलं. या धोरणाची किंमत सुमारे बाराशे जवानांनी मोजली. त्यांतले एक मेजर रामस्वामी परमेश्वरन. जन्म मुंबईचा, घरची भाषा तमिळ, पलटण ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ला उडुविलजवळ वाघांच्या वेढ्यात छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची बंदूक हिसकावून त्याला मारलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. तमिळ अधिकारी, महार पलटण, आणि समोर तमिळ स्वातंत्र्य मागणारा पोरगा. या युद्धात कोण कोणासाठी मरत होता याचं सरळ उत्तर नाही. १९९० मध्ये सैन्य परतलं. २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूर येथे वाघांनी तो करार करणाऱ्या राजीव गांधींची हत्या केली.

वाघांना तमिळांचे मुक्तिदाते म्हणणाऱ्यांनी पुढचे चार प्रसंग पाहावेत. १९८६ मध्ये त्यांनी टेलो या दुसऱ्या तमिळ संघटनेची माणसं जाफन्याच्या रस्त्यांवर मारली. १९८९ मध्ये अमिर्तलिंगमना कोलंबोत भेटायला गेले, चहापाणी घेतलं आणि त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी जाफना विद्यापीठातल्या डॉक्टर राजनी थिरणगम यांना सायकलवरून घरी जाताना मारलं. सैन्याचे आणि वाघांचेही गुन्हे त्या लिहून ठेवत होत्या. आणि ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या सत्तर हजारांहून अधिक मुस्लिमांना घरं सोडायला लावली. जाफन्यातल्या मुस्लिमांना दोन तास दिले. त्यांची भाषा तमिळ होती. भाषेवरून छळ झाला म्हणून उठलेल्यांनी आपलीच भाषा बोलणाऱ्यांना धर्मावरून हाकललं.

पुढची वीस वर्षं युद्ध, तह, युद्ध. आत्मघाती स्फोट, बालसैनिक, गायब होणारी माणसं. २००९च्या आरंभी सैन्याने किलिनोच्ची घेतलं आणि वाघ लाखो नागरिकांना ओढत मुल्लैतीवूच्या किनाऱ्याकडे सरकत गेले. सरकारने ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ जाहीर केलं आणि त्यावरच तोफा डागल्या. पळू पाहणाऱ्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. मे महिन्यात नंदिकडल खाजणापाशी प्रभाकरन मारला गेला आणि युद्ध संपलं. शेवटच्या काही महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं. सरकारला हा आकडा मान्य नाही.

तमिळ कायद्याने राज्यभाषा झाली ती १९८७ मध्ये, भारताशी झालेल्या करारानंतर. म्हणजे १९५७ मध्ये जे एका सहीत मिळत होतं, ते तीस वर्षांनी आणि हजारो प्रेतांनंतर कागदावर आलं. कागदावरच. २०११ मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाला शिफारस करावी लागली की पोलीस ठाण्यात तमिळ समजणारा माणूस चोवीस तास असावा.

किलिनोच्चीत २० फेब्रुवारी २०१७ पासून काही आया रस्त्याकडेला फोटो घेऊन धरणं धरून बसू लागल्या. त्यांची मुलं युद्धाच्या शेवटी सैन्याच्या ताब्यात गेली ती परत दिसली नाहीत. त्यांच्यासाठी सरकारकडे एक कागद आहे. मृत्यूचा दाखला नव्हे, ‘अनुपस्थितीचा दाखला’. २०१६च्या कायद्याने तो मिळतो. आयांचं म्हणणं, दाखला नको, मुलगा कुठे आहे ते सांगा. उत्तर न मिळताच त्यांच्यातल्या अनेक जणी वारल्या आहेत.